ताईच्या पेशी

ताई म्हणजे घरातलं वारं. दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढायची आणि वरून धाकटीला चिडवायची, "ये गं, गोगलगायी!" धाकटीचे केस आता पांढरे झालेत, तरी ती हाक आठवली की तिला हसू फुटतं.

ताईच्या लग्नानंतर ते वारं पडलं. ती पहिल्याच मजल्यावर थांबायला लागली. सासूबाई म्हणाल्या, मुलगी नाजूक आहे. डॉक्टर म्हणाले, मनाला फार लावून घेते. ओठ निळे पडले तेव्हा कुठे खरं निदान झालं. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत होत्या आणि त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलताना हृदय मेटाकुटीला येत होतं. आजार दुर्मीळ, पण गाठायचा जास्त करून बायकांनाच.

"रांगेत पहिल्यांदाच बायकांना पुढे घेतलं बघ," ताई धापा टाकत म्हणाली.

धाकटी तेव्हा प्रयोगशाळेत नवी होती. तिने हट्टाने याच आजाराचं काम मागून घेतलं. रोग्यांच्या रक्तवाहिन्यांतल्या पेशी वाढवायच्या आणि 'आता पुरे, वाढू नका' हा निरोप त्यांच्या आत कुठे अडतो ते शोधायचं. पण आज एक उत्तर यायचं, उद्या भलतंच.

"हात बसला नाही तुझा अजून," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणायचे.

काही वर्षांनी ताईला दुसऱ्या कुणाची फुप्फुसं बसवायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी तिने धाकटीकडे बोट दाखवून सर्जनना बजावलं, "जुनी टाकून देऊ नका. हिच्या प्रयोगशाळेत पाठवा. तेवढंच माहेरी जातील."

ती फुप्फुसं खरंच आली. धाकटीने त्यांतल्या पेशी वेगळ्या केल्या. बाकी सगळ्यांच्या पेशी तिथे एकत्रच मिसळायची पद्धत होती, पण ताईच्या मिसळायला काही तिचा जीव होईना. मग तिने सगळ्यांच्याच वेगळ्या ठेवल्या, बायकांच्या इकडे, पुरुषांच्या तिकडे. आणि गुंता सुटला. स्त्री-हार्मोन घातलं की बायकांच्या पेशींत तो 'पुरे'चा निरोप क्षीण व्हायचा. पुरुषांच्या पेशींवर त्याचा तसा परिणाम दिसत नव्हता. इतकी वर्षं दोन वेगळी उत्तरं एकाच भांड्यात कालवली जात होती.

सरांनी प्रयोग पुन्हा करायला लावला, मग पुन्हा. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हाताचं बोललो ते मागे घेतो."

ताई बरी होऊन चालायला लागली तशी एका दुपारी प्रयोगशाळेत आली. धाकटीने तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"या माझ्या?"

"तुझ्याच. 'पुरे' म्हटलेलं ऐकतच नाहीत."

"आईला दाखव. म्हणेल, मी काय वेगळं सांगत होते!" ताई हसली, मग बराच वेळ डोळा न काढता बघत राहिली. "बाहेर काढल्या तरी जगतायत गं," ती हळूच म्हणाली. धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा शांत होता, धाप नव्हती.

नव्या फुप्फुसांनी ताईला आणखी काही चांगली वर्षं दिली. त्या वर्षांत ती पोहायला शिकली, दोनदा समुद्र बघून आली आणि सासूबाईंशी मनसोक्त भांडली. ती गेली तेव्हा धाकटीच्या हाताखाली नव्या मुली शिकत होत्या. पहिल्याच दिवशी ती त्यांना पेशींच्या बाटल्या दाखवून विचारायची, "बाईची की पुरुषाची?" उत्तर आलं नाही, तर बाटली उघडू द्यायची नाही.

मुली म्हणायच्या, बाई फार कडक आहेत. घरी जाताना धाकटी मनात म्हणायची, ताई असती तर यांच्याच बाजूने बोलली असती.