चेन्नई हादरली, आई थांबली

उपेंद्रने जन्मात कुणाला चिमटा काढला नव्हता. पण पगार मात्र तो लोकांना घाबरवण्याचा घ्यायचा. मोबाइलवर टिंग करून बातमीची एक ओळ येते ना, त्या ओळी तो चेन्नईत एग्मोरच्या एका ऑफिसात बसून मराठीत लिहायचा. एका हॉलमध्ये आठ भाषांची आठ टेबलं, आणि कोणत्या ओळीवर किती बोटं टेकली याचा आकडा समोरच्या भिंतीवर पळत असायचा. मराठी टेबलाचे प्रमुख हंबीरराव. आकडा जरा घसरला की म्हणायचे, "तिखट टाका की राव थोडं."

जुलैत शहरात डोळ्यांची साथ आली. इथले लोक असल्या साथीला जुनेच. डोळ्यांत थेंब घालायचे, काळा चष्मा चढवायचा आणि कामाला लागायचं. सरकारी पत्रकही साधंच होतं: हात धुवा, डोळे चोळू नका, दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका. आता यावर कोण कशाला बोट टेकवेल? उपेंद्रने तिखट टाकलं. 'चेन्नई हादरली! डोळ्यांच्या साथीचे थैमान, घराघरांत हाहाकार'. कुठल्या घरात, हे कुणी विचारलं नाही. आकडा भराभर चढला आणि हंबीररावांनी स्वतःच्या खर्चाने कॉफी पाजली.

तीच ओळ सोलापुरात रत्नप्रभाबाईंच्या मोबाइलवर टिंग करून उतरली. रत्नप्रभाबाई म्हणजे उपेंद्रची आई. मुलगा कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, एवढीच त्यांना माहिती. त्या शनिवारी चेन्नईला येणार होत्या, आणि त्यांच्या येण्यावर पोराचं सगळं अडलं होतं.

कारण शरण्या. ती शेजारच्या तमिळ टेबलावर बसायची. घराणं तंजावरकडचं मराठी, राहणं वेस्ट मांबलमला. मराठी घरात बोलायची, भांडायची मात्र तमिळमध्ये. दोघांचं ठरलं होतं. तिचे वडील गुरुमूर्तीराव, निवृत्त मास्तर, तेही राजी होते. अट एकच.

"मुलाचे आईनें स्वतः यावें, मुलीस कुंकू लावावें," त्यांनी उपेंद्रला बजावलं होतं. "फोनांत तोंड दाखविणें आम्हांत नाही. आणि आडी लागण्याचे आंत, सरी?"

आडी हा तमिळ महिना. तो लागला की महिनाभर त्या घरात लग्नाचा शब्दही निघत नाही. बंगळूरच्या एका स्थळाने तर आडीपूर्वी हो की नाही ते कळवा म्हणून धोशा लावला होता. आडी रविवारी लागणार होता. म्हणजे शनिवार चुकला की संपलं.

आणि मंगळवारी रत्नप्रभाबाईंचा फोन. "मी काही येत नाही बाबा. हाहाकार चाललाय तिथं."

"आई, साधे डोळे येतायत. पाच दिवसांत बरे होतात."

"तुला काय कळतंय? बातमीत आलंय. बातमीवाले खोटे आणि तू एकटा खरा?"

उपेंद्रने कपाळाला हात लावला. मग त्याला वाटलं, जिथं बिघडवलं तिथंच दुरुस्त करू. बुधवारी त्याने ओळ सोडली: 'चेन्नईत डोळ्यांची साथ सौम्य, काळजीचे कारण नाही'. हंबीररावांनी ती दोनदा वाचली. "ही बातमी आहे का शाळेची सूचना?" म्हणाले. अख्ख्या महाराष्ट्रात त्या ओळीवर जेमतेम चाळीस बोटं टेकली. त्यातलं एक सोलापूरचं होतं.

"बघ, मी म्हणत होते ना," रत्नप्रभाबाई फोनवर कुजबुजल्या. "काल हाहाकार आणि आज काळजीचं कारण नाही? काहीतरी दडपतायत मेले. तूच पहिल्या गाडीने निघून ये."

उपेंद्रला रडू यायचं बाकी राहिलं. दुपारी कँटीनमध्ये त्याने सगळं शरण्याला सांगितलं. तिने दहीभाताचा डबा बाजूला सारला.

"अप्पा शनिवारी रात्री बंगळूरला हो म्हणतील," ती म्हणाली. "तू आईला खरं सांग."

"सांगितलं की. साथ साधी आहे म्हणून."

"ते नाही रे. ती ओळ कोणी लिहिली, ते सांग."

हेच तर त्याने दोन वर्षं लपवलं होतं. आई रोज बातम्या वाचून बिल्डिंगभर सांगत सुटायची, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण शरण्या समोर बसून राहिली. त्याने तिथूनच फोन लावला आणि एका दमात बोलून टाकलं.

पलीकडे रत्नप्रभाबाईंनी टीव्ही बंद केला.

"हाहाकार तू लिहिलास?"

"हो."

"थैमान?"

"तेही मीच."

"अरे गाढवा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं? मुंगी चावली तर साप चावला म्हणून गल्ली गोळा करायचास तू. लहानपणापासून मी तुझं सगळं निम्मंच धरत आले. इथं खालच्या अन्नपूर्णाबाई तुझ्यापायी चेन्नईच्या नातवाशी व्हिडिओवर बोलतानासुद्धा गॉगल घालून बसतात. लाज नाही वाटत?"

वाटत होती. खूपच वाटत होती.

"तिकीट रद्द केलं नाहीये अजून," त्या म्हणाल्या. "येते मी."

शनिवारी सकाळी त्या उतरल्या, आणि दोघं रिक्षाने वेस्ट मांबलमला गेली. शरण्या दोन दिवस ऑफिसात आली नव्हती, घरची तयारी असेल असं उपेंद्रने धरलं होतं. दार गुरुमूर्तीरावांनी उघडलं. त्यांना काळा चष्मा. मागे त्यांच्या बायको भवानीबाई, त्यांनाही काळा चष्मा. कांजीवरम नेसून खाली मान घालून उभी असलेली शरण्या, तिलाही. रत्नप्रभाबाईंनी सावकाश वळून लेकाकडे पाहिलं. उपेंद्रचं पाणी पाणी झालं. त्याच्या आयुष्यातला एकमेव खरा हाहाकार नेमका याच घरात निघाला होता.

"गुरुवारपासून आम्हां सर्वांस डोळे आले," गुरुमूर्तीराव ओशाळून म्हणाले. "तुम्ही परत गेलांत, तरी मी रागें भरणार नाहीं. उद्यां आडी. नशीब आमचें."

उपेंद्रला वाटलं, आई आता पिशवी उचलणार. रत्नप्रभाबाईंनी पिशवी उघडली, कुंकवाचा करंडा काढला आणि सरळ शरण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चष्मा काढ ग बाळ."

शरण्याने काढला. डोळे लालभडक, सुजलेले, पाणी गालावर ओघळत होतं. आणि तसल्या डोळ्यांनीही ती त्यांच्याकडे सरळ बघत राहिली, हसली. रत्नप्रभाबाईंनी तिला नीट, वेळ घेऊन पाहिलं आणि कपाळावर कुंकू टेकवलं.

"गुरुमूर्तीराव," त्या म्हणाल्या, "हा पोरगा सगळं दुप्पट करून सांगतो. म्हणून मुलगी लाखात एक आहे म्हणाला, तेव्हा मी निम्मीच धरली होती. एवढी एक बातमी मात्र त्याने धड सांगितली."