बाबांची घटना

बटण काजात जात नव्हतं. खाकी शर्टाचं वरून दुसरं, कडेला झिजलेलं, एक दोरा सुटलेलं – पिंकीनं ते चिमटीत धरून पुन्हा रेटलं, तेव्हा बाबांचा श्वास तिच्या कपाळावर आला, चहाचा, औषधाचा… आणि मागोमाग तो शब्द.

"घटना."

"हौ बाबा, घटना. उद्या तोच पेपर आहे," ती म्हणाली आणि बटण लागलं.

दिवाळीच्या आधी दोघा सोबत्यांनी त्यांना कारखान्यातून धरून आणलं ते असंच – तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात बाहीत नुसता ठेवून दिल्यासारखा. त्या दिवशी ऑफिसात बोलावणं होतं. नवीन धोरण आलंय, सरकारी कारखान्यांत माणसं जास्त झालीत, स्वेच्छानिवृत्ती घ्या – किशनरावांनी, म्हणजे बाबांनी, कागदावर सही केली, खुषीनं केली, आणि मग जिन्यावर पडले, असं साहेब घरी येऊन सांगून गेले. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलंय. सगळं गेलं, आणि हा एवढा एकच शब्द का कोण जाणे मागं राहिला. भूक लागली तरी घटना, कूस बदलायची असली तरी घटना.

आईला त्यात काही नवल वाटत नव्हतं. घरात दोन बाबा, एक भिंतीवरचे निळ्या कोटातले आणि एक खाटेवरचे. खाटेवरच्यांनी भिंतीवरच्यांची घटना सोडून दुसरं बोलावं तरी काय? "लेकीनं घटना शिकावी म्हन्तो बापडा," विमलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आमच्याकडे घटना म्हणजे एकच. बस उलटली, कुणाच्या घरात भांडण झालं, गल्लीत दगडफेक झाली, तर आई त्याला 'परकार' म्हणते. घटना तेवढी बाबासाहेबांची.

म्हणून तर इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, सिव्हिक्स. बरकतपुऱ्यातल्या साऱ्या मुली कॉमर्सकडे पळाल्या, दोघीतिघी आबिड्सला कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागल्या, आणि बाबा मात्र कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून एक पुस्तक घेऊन आले, कुणाच्या तरी पेन्सिलीच्या रेघा मारलेलं, आणि गल्लीभर सांगत सुटले – माझी पोरगी घटना शिकणार! शाळा इंग्रजी, दारात तेलुगू आणि उर्दू. लिहिलेलं मराठी पिंकी अजून बोट ठेवून वाचते. पण घटनेचा सरनामा, 'आम्ही भारताचे लोक…', तोंडपाठ, लहानपणी बाबांनी मांडीवर घेऊन म्हणून घेतलेला. तर आता ते 'घटना' म्हणाले की ती सरनामा म्हणायची. सकाळी, भात भरवताना, अंग पुसताना. ते ऐकायचे, मान हलवायचे – नको म्हणून की हो म्हणून, ते कळायचं नाही – आणि संपला की पुन्हा, घटना… मला कंटाळा आलाय बाबा. खरंच सांगते, कंटाळा आलाय. तुम्ही पूर्वी किती बोलायचात, आता एकदा तरी पिंके म्हणा ना, नुसतं पिंके.

दुपारी नसीम आली, वर्गातली, राज्य आणि सरकार यांतल्या फरकावरच्या नोट्स घ्यायला. बुरखा काढून खुर्चीवर टाकला आणि खाटेकडे वळून म्हणाली, "सलाम अंकल."

"घटना," बाबा म्हणाले.

"क्या हुआ अंकल?"

पिंकीला हसू आलं. "वैसा नै गे. घटना बोले तो कॉन्स्टिट्यूशन. मराठी में."

"अच्छा? हमना तो समाचार में बोलते सो मालूम. घटनास्थल पे पुलीस पहुंची बोलते नै? कुछ हुआ तो घटना बोलते." नसीमनं खांदे उडवले आणि वही ओढून लिहायला बसली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

बाबांच्या दृष्टीनं नव्हता. ते नसीमकडे बघत होते. पिंकी सरनामा म्हणायची तेव्हा तिच्याकडे त्यांनी इतक्या दिवसांत कधी असं बघितलं नव्हतं – डोळे भरून आलेले, आणि चांगल्या बाजूचा ओठ थरथरत होता.

नसीम गेली. पुस्तक तसंच उघडं होतं, रेघ मारलेलं वाक्य वर – शासन लोकांच्या संमतीवर चालतं. बाबा नांदेडकडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, बसनं येणारा मराठी पेपर ओळ न ओळ वाचणारे. त्यांना ठाऊकच असणार की हा शब्द झाल्यागेल्यालाही म्हणतात. ठाऊक नव्हतं ते मला. आणि आईला. किती जण येऊन गेले – काका, कारखान्यातले, विहारातले – सगळ्यांनी विचारलं, कसं आहे, जेवतात का, गोळ्या चालू आहेत का… काय झालं, असं कुणी विचारलंच नाही. सही खुषीनं केली म्हणे, आणि आपण ते ऐकून घेतलं, उलट साहेबांना चहा दिला.

ती खाटेच्या कडेला बसली.

"बाबा, काय झालं होतं त्या दिवशी?"

बाबांनी मान तिच्याकडे वळवली. मग डाव्या हातानं, सावकाश, त्यांनी आपला मेलेला उजवा हात मनगटापाशी धरला, उचलून चादरीवर ठेवला, आणि ओढला – डावीकडून उजवीकडे, शेवटी एक फराटा. किशनराव गायकवाड असं लिहून खाली मारायचे तसा. पुन्हा एकदा. आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

म्हणजे कुणी धरला होता हात? जिन्यावर नव्हे, त्या खोलीतच, टेबलाशीच पडला होतात का तुम्ही आणि मग… की स्वतःच केली सही, आणि तेच सोसवलं नाही? की आता, या घडीला, फक्त लिहायचंय काहीतरी? पिंकीनं तो थंड हात दोन्ही हातांत घेतला. काही कळत नव्हतं, आणि हे कुणाला विचारायचं तेही कळत नव्हतं.

"घटना," बाबा म्हणाले.

"अगं पिंके," स्वयंपाकघरातून आई ओरडली, "कवाचे घटना घटना करायलेत, म्हण की त्यांना सरनामा!"

तिनं तोंड उघडलं. पहिला शब्द 'आम्ही', बोलायला लागल्यापासून पाठ असलेला. तो काही केल्या निघेना.