रणजितचा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी निरोपपेटी आहे. निमगाव केतकीच्या शिवारात पाण्याच्या टाकीवर माझा मुक्काम असतो. जेवणाच्या डब्याएवढी काया, वर हातभर एरियल आणि उन्हावर चालणारी पाटी! स्वरूपाताई बारामतीच्या कॉलेजातून शिकून आल्या आणि त्यांनी घरच्या टेबलावर मला जोडले. माझ्या बहिणी वस्तीवस्तीवर आहेत. मोबाईलची रेंज गेली तरी आमचे काम थांबत नाही. एकीने ऐकलेला निरोप दुसरीला, दुसरीकडून तिसरीला. मध्ये कंपनी नाही, कोणी मालक नाही! "चहा टाकलाय, या" हा पहिला निरोप पोहोचला, तेव्हा सगळ्या वस्त्यांवर टाळ्या वाजल्या. काय आनंद झाला म्हणून सांगू!

कॅनॉलच्या पाण्याची वाटणी बघणारे गेणबातात्या प्रत्येकाची पाळी माझ्यावरूनच कळवत. पण तेव्हा कोणीही कोणाचेही नाव घालून निरोप धाडू शके. एकदा निरोप आला, "आजची पाळी रद्द. गेणबा." सगळे घरीच थांबले. पाणी मात्र सुटले आणि सगळे एका वस्तीवरच्या रणजितच्या उसात गेले. लोक तात्यांच्या दारात जाऊन नको ते बोलले. निरोप रणजितच्या पेटीतून निघाला होता, हे स्वरूपाताईंनी शोधले, तोवर तात्यांची शोभा झाली होती. मग कुणाचाच कुणावर भरवसा उरला नाही. एकेक पेटी बंद झाली. माझ्यावर कावळे बसू लागले.

अखेर मंदाकिनीकाकूंच्या अंगणात बैठक बसली. गावचे बागायतदार विजयसिंहराव म्हणाले, "समद्या पेट्यांची चावी माज्याकडं द्या. कुणी काय धाडायचं ते मी बघतो."

"आन् तुमीच चुकलात तर?" काकूंनी विचारले. "एकाच्या हातात न्हाय द्यायची."

खूप वाद झाला. मग ठरले, की निरोपावर प्रत्येक घराची आपली खूण, ती दुसऱ्याला वापरता येणार नाही. पेट्यांना संकटाचा भोंगा बसवायचा, पण तो वाजायला दोन घरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले हवे. आणि रणजितचा शब्द धरायचा नाही, जोवर तात्या स्वतः त्याला जामीन राहत नाहीत.

"मान्य हाय," रणजित खाली बघत म्हणाला.

मित्रांनो, फाल्गुनातल्या एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला. विजेच्या तारा तुटून उसावर पडल्या, मोबाईलची रेंज गेली. उसाच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. मोठी माणसे दूरच्या फडात, लेकरे कोप्यांत झोपलेली! त्या वस्तीवरची बाकीची मंडळी लग्नाला इंदापूरला गेलेली. तिथल्या जयवंताकाकीचा निरोप आला, "ऊस पेटलाय!" पाठोपाठ रणजितचा, "मीबी बघतोय. पोरं कोपीत हायत. मी पळतोय तिकडं."

पण रणजितचा शब्द धरला जात नव्हता. भोंगा वाजेना!

तात्या माझ्या टाकीखालीच होते. घरांआडून त्यांना धूर दिसत नव्हता. माझ्याशी जोडलेल्या हातातल्या फोनवर दोन्ही निरोप होते. त्यांची सून योगिनी म्हणाली, "तात्या, पुन्यांदा खोटं असलं तर?"

तात्यांचा अंगठा क्षणभर थबकला. "लेकरांच्या जिवाचं त्यो खोटं बोलायचा न्हाय," ते म्हणाले, आणि फोनवर बोट टेकवून ते रणजितला जामीन राहिले.

त्याच क्षणी मी असा भोंगा वाजवला, की कावळे भर्रकन उडाले! दूरच्या माझ्या बहिणीही ओरडू लागल्या. विजयसिंहराव फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन सुसाट निघाले, मागे पाण्याचे टँकर, कोयते घेतलेली माणसे. मधला ऊस तोडून त्यांनी आगीची वाट अडवली. दोन कोप्या जळाल्या, पण त्याआधीच रणजितने लेकरे बाहेर काढली होती. एकालाही चटका बसला नाही!

संध्याकाळी काजळलेल्या तोंडाने रणजित तात्यांसमोर उभा राहिला.

"उद्याची पाळी तू कळीव," तात्या म्हणाले. "पर तुज्याच नावानं."

दुसऱ्या दिवशी मी तो निरोप पुढे दिला. सगळे पाण्यावर हजर होते!

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी पेटी असेल, तर तिच्या बैठकीला जायचा कंटाळा करू नका. भांडा, विचारा, पण या. आमच्यावर कुणी धनी नाही, म्हणूनच आम्हाला तुम्ही सगळे लागता.