वाऱ्याची बाजू

कामरगावच्या चौकातला सिग्नलचा खांब वैशाखातल्या वावधनात, म्हणजे वादळात, कोसळला आणि त्याखाली अनुपचा उजवा पाय गेला. तेव्हापासून त्याची बहीण पौर्णिमा सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवत होती. तिला भरपाई नको होती. खांबाचा आराखडा करणारा माणूस नोकरीतून काढून टाकलेला तिला पाहायचा होता. धरमसिंग राठोड हे नाव ती रोज मनात पात्यासारखे पाजळत असे.

आज तक्रारअर्ज घेऊन ती त्याच्यासमोरच बसली. अर्जाखाली फक्त सही व्हायची होती.

"सायेब, मी तुमाले सोडणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

धरमसिंगने कोसळलेल्या खांबाचा फोटो पुढे सरकवला. रस्त्यावर आलेली आडवी दांडी, तिच्यावर तीन दिवे. तेवढ्यांवर येणारा वारा हिशेबात धरूनच खांबाच्या बुडाचे बोल्ट ठरवले होते, असे त्याने सांगितले. पण त्या दांडीला दहा बाय बारा फुटांचा फ्लेक्स करकचून बांधलेला होता. वारा त्यात भरला आणि खांब बुडातून उखडला.

फोटोतल्या फाटक्या फ्लेक्सवर पौर्णिमाचाच चेहरा हसत होता. तलाठीपदी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन! उंच बांधा, एसटीतूनही दिसला पाहिजे, असे मंडळाच्या पोरांना तिनेच बजावले होते. त्या फ्लेक्सचा आणि वाऱ्याचा संबंध मात्र तिने कधी जोडला नव्हता.

"वाऱ्याले नाव वाचता येत नाही, ताई. त्याले फक्त अडवणं समजते."

इतके दिवस पाजळलेले पाते तिच्याच तळहातात रुतले. तिने मान वर केली.

"आमच्या इकडं खांब उभा झाला का फ्लेक्स चढतेच, हे तुमाले मालूम नव्हतं? मंग कोन्या गावासाठी काढला हा नकाशा?"

"मालूम होतं," धरमसिंगची नजर खाली गेली. "नियमात नव्हतं, म्हून धरलं नाही."

पौर्णिमाने अर्ज ओढून घेतला. दोषींच्या रकान्यात धरमसिंगच्या नावाखाली तिने स्वतःचे नाव लिहिले. 'बडतर्फ करावे' हे शब्द खोडून नवी मागणी मांडली: पुढचा खांब फ्लेक्सचाही वारा धरून उभारावा आणि त्यावर एकही फ्लेक्स चढू देऊ नये. मग सही केली. धरमसिंग स्वतः उठला आणि अर्जावर आवक शिक्का मारून घेऊन आला.

वाचकहो, सूड घ्यायचाच असेल तर तो निष्काळजीपणावर घ्यावा, आणि त्याच्या शोधात निघालेल्याने आपले घर वगळू नये. तुमच्या चौकातल्या खांबावर आज कोणाचे अभिनंदन फडफडते आहे, ते एकदा मान वर करून पाहा. ते तुमचे असेल, तर आधी तेच उतरवा!