पेटीतलं नववं पुस्तक

मीरा रोडच्या एका कॉलेजची ग्रंथपाल उर्मिला घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. लॉकडाऊन लागल्यापासून लायब्ररी इथेच भरायची. साडेदहाला हेमालीचा फोन आला, तिसऱ्या वर्षाची मुलगी.

"मॅडम, अकराला शेवटचा पेपर आहे आणि लॉगिनच होत नाहीये! पुस्तक बाकी आहे म्हणून दाखवतंय. मी तर सोमवारीच गेटवरच्या पेटीत टाकलंय."

"सगळे असंच म्हणतात," उर्मिला फणकारली, आणि लगेच तिला आठवलं. परत आलेली पुस्तकं तीन दिवस पेटीतच ठेवायची, मग नोंदवायची, हा करोनातला नियम तिचाच. आज बुधवार. आणि पुस्तकं बाकी असलेल्यांची यादी काल परीक्षा विभागाला धाडली तीही हिनंच! यादीत नऊ नावं होती. अकराच्या आत पुस्तक जमा दाखवलं तरच लॉगिन सुटणार, नाहीतर पोरांचं वर्ष गेलं.

अगं बाई, मग दाब ना नऊ वेळा बटण आणि हो मोकळी! पण नाही. पुस्तकाचा नंबर पाहिल्याशिवाय 'जमा' लिहायचं नाही, हा बावीस वर्षांचा हट्ट. तिनं कॉलेजच्या वॉचमनला, धर्माला, फोन लावला.

"धर्मा, पेटी उघड आणि पुस्तकांवरचे नंबर वाच. पटकन!"

"तीन दिस हात लावायचा न्हाय, तुमीच सांगितलाय. आन् चावी तुमच्याकडंच हाय."

"दगड घाल त्या कुलपावर!"

सहा मिनिटं नुसती ठाणठाण. मग धर्मा तांदूळ निवडल्यासारखा एकेक आकडा वाचायला लागला. पहिलीच हेमाली सुटली. पावणेअकराला चार झाले, दहा सत्तावन्नला आठ.

नवव्या पुस्तकावरचा शिक्का पुसट निघाला. "तीन, आठ... का तीन, शून्य?"

"नीट बघ रे, उजेडात धर!"

पेटीत एकच पुस्तक उरलेलं, यादीत एकच नाव उरलेलं, निकेतचं. शेंबड्या पोरानंही जोडी लावली असती. पण बाईंना आकडा हवा होता. धर्मा उन्हात गेला, चष्मा पुसला, मग ओरडला, "आठ हाय, आठ!" तिनं बटण दाबलं. मुदत संपली आहे, असं उत्तर आलं.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं निकेतला फोन लावला.

"अरे, तू मला फोन का नाही केलास?"

"मॅडम, टाकल्यासारखं आठवत होतं पेटीत. पण तुमच्या यादीत चूक कशी असेल? म्हटलं, माझंच कुठंतरी राहिलं. सकाळपासून घर उपसतोय."

"पुस्तक पेटीतच होतं रे. चूक माझी आहे, माझी!"

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

"म्हणजे मिळालं?" निकेतचा आवाज एकदम उजळला. "मग आता पेपर उघडेल ना, मॅडम?"