चोर नळी

माझी थोरली जाऊ आणि मी एकाच प्रयोगशाळेत कामाला आहोत, एवढ्यावरून माझ्या रक्तदाबाचा अंदाज यावा. ती काचसामान धुते, मी माणसांच्या हृदयाचे तुकडे वाटते. दचकू नका. शस्त्रक्रियेच्या वेळी पेशंटच्या परवानगीनं काढलेला डाळीएवढा तुकडा आमच्याकडे गोठवून येतो. बर्फात रोवलेल्या काचेच्या नळीत तो हातानं वाटायचा. पंचवीस दणके, चोवीस नाही की सव्वीस नाही. मग रसायन घालायचं आणि पिवळा रंग किती भराभर चढतो ते यंत्रावर बघायचं. रंग जितका झरझर चढेल तितकं त्या हृदयातलं एन्झाइम कामसू. वाटताना नळी कोमट झाली की एन्झाइम गेलं कामातून, आणि कुणाकडे हृदयाचा दुसरा तुकडा मागायला जाता येत नाही. म्हणून वाटताना मला कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही. नंतर मात्र चांगली देते.

आमच्यात एक जुनी पद्धत आहे, तिला आम्ही चोर नळी म्हणतो. दर खेपेला थोरली माझ्या नळ्यांमध्ये उकळलेल्या तुकड्याची एक नळी गुपचूप मिसळते. उकळल्यावर एन्झाइम मरतं, रंग चढत नाही, आकडा येतो शून्य. नंबर तिचा तिलाच माहीत, चिठ्ठी तिच्या चष्म्याच्या डबीत. मला शून्य बरोबर सापडलं तर बाकीचे आकडेही खरे धरायचे. वीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चोर सुटलेला नाही, आणि थोरलीच्या तोंडून एकदाही कौतुक निघालेलं नाही.

तर अशा सुखाच्या संसारात चिरंजीव आले. नव्या शास्त्रज्ञाला हे नाव मीच ठेवलंय. मोठी पदवी, कडक इस्त्रीचा कोट आणि सोबत विजेवर वाटणारं यंत्र, अर्ध्या मिनिटात डझनभर तुकड्यांचा फडशा. माझं टेबल उचलून तिथे ते यंत्र मांडायचं आणि मला तळघरातल्या गोदामात नोंदी करायला बसवायचं, असं त्यांनी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, गळी उतरवत आणलं होतं. मी वरवर हसत होते खरी. त्या टेबलाशिवाय मला दुसरं काही येत नाही हो.

सरांनी तोडगा काढला. दहा हृदयांच्या तुकड्यांचे दोन-दोन भाग करायचे, एक वाटा मला, एक चिरंजीवांना. नळ्यांवर नुसते नंबर, आणि ते थोरली घालणार, कारण तिचं दोघांशीही पटत नाही. ज्याचे आकडे विश्वासाचे, त्याचं टेबल. नळ्या मात्र प्रत्येकाला अकरा आल्या. सरांनी विद्यार्थी असताना दोनदा चोर नळीत मार खाल्ला होता, त्यामुळे ते गालातल्या गालात हसले. चिरंजीवांना हृदयं किती ते कुणी सांगितलं नव्हतं, ते अकरा आहेत असंच समजून चालले.

मी वाटलं, मोजलं, आणि मला घाम फुटला. अकरा नळ्या, अकराच्या अकरांत रंग चढला. शून्य कुठेच नाही! पुन्हा मोजलं, तेच. सगळ्यांत कमी आकडे तीन आणि आठ नंबरचे. तीनचा एकवीस, आठचा वीस. मनात आलं, आठच चोर असणार, थोरलीनं आळस करून नीट उकळला नसेल. पेन्सिल उचलली आणि आठपुढे शून्य मांडलं.

मांडलं खरं, पण ते शून्य माझ्याकडे डोळे वटारून बघत बसलं. रंग चढताना मी या डोळ्यांनी पाहिला होता. चिरंजीवांच्या यंत्राला नावं ठेवायची आणि स्वतः असला चावटपणा करायचा? चडफडत मी ते खोडलं आणि पेनानं वीस लिहिलं. गोदामात जाण्याची मनाची तयारीही केली.

दुपारी सरांच्या खोलीत दोन्ही कागद समोरासमोर ठेवले. चिरंजीवांच्या कागदावर अकरा देखणे आकडे, तेही छापील. सरांनी विचारलं, एखादी नळी वेगळी वागली का? चिरंजीव म्हणाले, हो, पाच नंबरला यंत्र अडकलं असावं, शून्य दाखवत होतं. म्हणून तिथे बाकीच्यांची सरासरी घातली.

थोरलीनं डबीतून चिठ्ठी काढून सरांपुढे सरकवली. पाच नंबर, उकळलेला. चिरंजीवांच्या चेहऱ्याचा रंग मात्र झरझर उतरला. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण सरांनी माझा कागद उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "धाकट्या बाई, शून्य तुमच्याकडेही नाही."

"माझ्याकडे शून्य आलंच नाही, सर," मी म्हटलं. "आलं नाही ते कसं लिहू?"

थोरली शांतपणे चष्मा पुसत होती. "तिच्या नळ्यांत चोर ठेवलाच नव्हता," ती म्हणाली. "वीस वर्षं शून्याची वाट बघत बसते. म्हटलं, नसलेला चोर धरते का बघू."

चोराच्या जागी तिनं एकाच हृदयाचा तुकडा दोन नळ्यांत घातला होता, तीन आणि आठमध्ये. एकवीस आणि वीस, म्हणजे जवळजवळ सारखेच. सरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. माझं टेबल जागच्या जागी राहिलं. चिरंजीवांना सोमवारपासून माझ्यासमोर बसून हातानं वाटायला शिकायचा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर मी थोरलीवर तोंड सोडलं. माझं टेबल जायची वेळ आली होती आणि यांना गंमत सुचते! तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या कोटाच्या बाहीवरून तिनं बोटानं काहीतरी टिपलं आणि माझ्यासमोर धरलं. खोडरबराचा चुरा होता.

"कितव्या नळीपुढचं खोडलंस गं?" तिनं हळूच विचारलं.

मी बाहीकडे बघितलं. तिनं चुरा फुंकरीनं उडवला आणि माझी बाही साफ झटकून दिली.