शिवण कुठे होती

मंगळवारी सकाळी कोच ब्रॅनिगननी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि यंदाचं नॉर्डहस पदक मला मिळणार असल्याचं सांगितलं. रविवारी समारंभ आहे, आई-वडिलांना घेऊन ये, टाय नीट बांध. एवढंच. मी "थँक्यू, कोच" म्हणालो आणि बाहेर येऊन जिन्यात बसलो.

आमच्या विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा हंगाम संपला की डिसेंबरच्या पहिल्या रविवारी खेळाडूंचा गौरव होतो. सगळ्यात मोलाचा खेळाडू, सगळ्यात चांगला नवखा अशी दहा-बारा बक्षिसं प्रशिक्षक ठरवतात. नॉर्डहस पदक तेवढं खेळाडू ठरवतात, चिठ्ठ्या टाकून. डेल नॉर्डहस पन्नास वर्षांपूर्वी आमच्याकडून खेळायचे. एका निर्णायक सामन्यात त्यांनी झेल घेतला असा पंचांनी निकाल दिला, तेव्हा ते स्वतःच पंचांकडे गेले आणि म्हणाले, चेंडू आधी जमिनीला लागला होता. तो सामना आम्ही हरलो. कोणी पाहत नसतानाही सरळ वागणाऱ्याला हे पदक देतात.

ते मला का, तर एका फोटोमुळे. तीन आठवड्यांपूर्वी शेवटचा सामना हरल्यावर मी आमच्या संघातल्या एली अरियागाच्या खांद्यावर हात टाकून त्याला मैदानाबाहेर घेऊन चाललो होतो. गावच्या वर्तमानपत्राने तो फोटो पहिल्या पानावर छापला. खाली लिहिलं होतं, 'मित्र असावा तर असा'.

आता त्या सामन्याचं सांगतो. चार सेकंद उरले होते, आम्ही दोन गुणांनी मागे होतो. चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण, म्हणजे सामना आमचा. लाथ मारायची एलीने. पण चेंडू आपोआप उभा राहत नाही. पुढचा गडी तो पायांमधून मागे फेकतो, एक जण गुडघ्यावर बसून झेलतो, जमिनीवर टेकवतो आणि वरून एका बोटाने धरतो. तो मी. चेंडूच्या एका अंगाला जाड दोऱ्याची शिवण असते, ती खांबांकडे फिरवायची. लाथ मारणाऱ्याच्या, म्हणजे किकरच्या पायाकडे राहिली तर चेंडू कुठेही जातो. हे सगळं सव्वा सेकंदात.

त्या आठवड्यात पाऊस आणि गारठा होता. गुरुवारी सरावानंतर एली मला म्हणाला होता, "वेस, अर्धा तास थांब ना. ओल्या चेंडूवर हात बसवू. शनिवारी वारा असणार आहे."

मी म्हणालो, "लेका, उद्या परीक्षा आहे माझी."

परीक्षा नव्हती. मी पोरांबरोबर कोंबडीचे तिखट पंख खायला गेलो. मी राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणाऱ्याचा बदली गडी होतो, पुढच्या वर्षी संघाची सूत्रं माझ्याकडे येणार होती, आणि चेंडू धरून बसणं मला हलकं काम वाटायचं.

शनिवारी चेंडू माझ्या हातात आला, तो निसटला, मी परत पकडला आणि घाईत टेकवला. तिरका. शिवण सरळ एलीकडे. बोट काढता काढता मला ते दिसलं. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला.

आमच्या बाकावरून कोणाला काही कळलं नाही. सामन्यानंतर बातमीदारांनी एलीला घेरलं, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तो म्हणाला, "चेंडू बरोबर ठेवला होता. चुकलो मीच." मी त्याच्या खांद्यावर हात टाकला तो त्यानंतर. लाज लपवायला जागा नव्हती म्हणून टाकला. फोटो निघाला तो त्याच क्षणाचा.

पुढचे तीन आठवडे गावाने एलीला सोलून काढलं. त्याच्या फोनवर काय काय यायचं ते मी पाहिलंय. त्याचे वडील रोहेलियो डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कापणीवर होते. तिथे कोणी तरी रोज त्यांच्या कपाटावर डावीकडे जाणारा कागदी बाण चिकटवायचं.

पदकाचं कळल्यानंतरच्या गुरुवारी मी कोचकडे गेलो.

"कोच, ते पदक मला नको."

"का रे? सोन्याचं नाही म्हणून?"

"शेवटच्या किकला चूक माझी होती. चेंडू तिरका ठेवला मी. शिवण एलीकडे होती."

कोचनी कॉफीचा घोट घेतला. "दार लाव," ते म्हणाले. मी लावलं. "मला माहीत आहे. खांबांमागे आपला कॅमेरा असतो. मी त्याच संध्याकाळी पाहिलं."

त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"नीट ऐक. पुढच्या वर्षी शंभर पोरं तुझ्या तोंडाकडे बघणार आहेत. त्यांना तू ठाम हवा आहेस. किकरचं काय, किकर चुकतात, लोक चार दिवस बोंबलतात आणि विसरतात. एलीने स्वतःच्या तोंडाने चूक घेतली ना? मग तू कशाला उकरून काढतोस?"

"पण कोच, पदक..."

"पदक पोरांनी दिलंय. मी नाही. घे आणि पुढच्या वर्षी त्याच्या लायकीचा हो."

बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटलं. हे सांगायची आजही लाज वाटते. मी सांगायला गेलो होतो, सांगितलं होतं, आता कोच म्हणतात तर राहू दे, असं मी स्वतःला समजावलं आणि त्या रात्री गाढ झोपलो.

रविवारी दुपारी मोठ्या सभागृहात गोल टेबलं मांडली होती. भाजलेलं गोमांस, कुस्करलेले बटाटे, शेंगा, वर मक्याचा पाव. माझ्या आईने नवा निळा पोशाख घेतला होता आणि ती भेटेल त्याला "मी वेसची आई" असं सांगत होती. अरियागा मंडळी अगदी मागच्या टेबलावर होती. रोहेलियोंचा कोट खांद्यात घट्ट होत होता. एली आई-वडिलांच्या मध्ये बसला होता आणि बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला इतक्या लांबूनही दिसलं.

सूत्रसंचालन गावच्या रेडिओवरच्या एका गृहस्थाकडे होतं. हंगामातल्या चांगल्या क्षणांची चित्रफीत संपल्यावर तो म्हणाला, "यंदा किकिंगचा पुरस्कार ठेवलेला नाही. पुढच्या वर्षी खांब थोडे डावीकडे सरकवणार आहोत, मग बघू."

सभागृह हसलं. माझे वडीलही हसले. रोहेलियो ताटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हातपुसणं घडी घालून ताटाशेजारी ठेवलं, बायकोला काही तरी म्हणाले आणि दोघं उठून बाहेर गेले. एली बसून राहिला.

त्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं.

डेल नॉर्डहस स्वतः पदक द्यायला आले होते. सत्तरी ओलांडलेले, हात शेतात राबलेले. त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. टाळ्या चालू होत्या म्हणून माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लोकांना वाटतं त्या दिवशी माझं कौतुक झालं. दोन वर्षं गावात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, पोरा. न्हाव्याने केस कापायला नकार दिला होता."

"मग पस्तावलात का?" मी विचारलं.

"दर शनिवारी," ते म्हणाले. "पण झोप लागायची."

मी माइकसमोर गेलो. कोच अगदी पुढच्या टेबलाशी हाताची घडी घालून बसले होते. मी आई-वडिलांचे आभार मानले, संघाचे मानले, प्रशिक्षकांचे मानले. एवढंच बोललो आणि खाली उतरलो. मागच्या टेबलावर एली टाळ्या वाजवत होता, बाकीचे थांबल्यावरही.

त्या रात्री मात्र झोप आली नाही.

सोमवारी दुपारी मी अरियागांच्या घरी गेलो. रोहेलियोंची पाळी तीनला सुरू होते. दार त्यांनीच उघडलं.

"एली आत आहे," ते म्हणाले.

"मला तुमच्याशीच बोलायचंय, मिस्टर अरियागा."

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं. मी कोटही काढला नाही. एका दमात सगळं सांगितलं. गुरुवारची खोटी परीक्षा, तिरका चेंडू, कोचचा कॅमेरा, सगळं. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शिवण कुठे होती?"

"एलीकडे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ते खुर्चीत मागे रेलले. "तो दहा वर्षांचा होता तेव्हापासून शाळेच्या मैदानावर मी त्याला चेंडू धरून दिलाय. पाळी संपवून यायचो, बोटं बधिर असायची, तरी शिवण कधी चुकली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर पहिलं हेच विचारलं मी त्याला. शिवण कुठे होती? म्हणाला, बरोबर होती, बाबा." ते थांबले. "मला वाटलं, पोराचं लक्ष उडालंय. डोक्यात हवा गेलीय. मी त्याला काय काय बोललोय या तीन आठवड्यांत, तुला कल्पना आहे?"

"नाही."

"नसणारच. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी खोटं बोलला, आणि ते तुझ्यासाठी."

"त्याच्यासाठी नाही," मागून आवाज आला. एली दारात उभा होता, मोजे घातलेल्या पायांनी. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला इथे यायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग? हलकं व्हायला आलास?"

ते खरं होतं.

"किकरने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की त्याला संघात कोणी उभं करत नाही. माझी चूक म्हणालो, कारण तेच म्हणायचं असतं. तू चांगला आहेस म्हणून नाही. आणि त्या गुरुवारी तू कुठे होतास ते मला माहीत होतं. तुमच्यातल्या जॅरेडने फोटो टाकला होता, तुझ्या हनुवटीला सॉस लागलेला."

"मग तू टाळ्या का वाजवल्यास काल?"

"बघत होतो," एली म्हणाला, "तू माइकवर काय बोलतोस ते. शेवटपर्यंत बघत होतो."

रोहेलियो उठले आणि मुलाजवळ गेले. मग स्पॅनिशमध्ये हळू आवाजात बोलायला लागले. मला त्यातलं काही समजलं नाही, पण एलीने मान खाली घातली आणि त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. मी तिथे परका होतो. दार हळूच ओढून बाहेर पडलो.

जानेवारीत संघाची पहिली बैठक झाली. कोच बोलायला उठायच्या आत मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मग बुटर्स नावाचा आमचा धिप्पाड गडी म्हणाला, "च्यायला, आणि मी तुला मत दिलं." बाकी कोणी काही बोललं नाही. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. पदक मी आधीच नॉर्डहस यांच्या शेतावर जाऊन परत केलं होतं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी कॉफी दिली आणि पदक आता दुसऱ्या कोणाला द्यायचं का हे खेळाडूंनी ठरवावं म्हणाले. खेळाडूंनी काही ठरवलं नाही. वर्तमानपत्राला मी पत्र लिहिलं, ते सातव्या पानावर आलं.

कोच माझ्याशी कामापुरतं बोलू लागले. पुढच्या हंगामात सूत्रं दुसऱ्याकडे गेली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्याकडे. तो माझ्याहून चांगला होता म्हणून, की आणखी कशामुळे, हे मी विचारलं नाही. मी वर्षभर नव्या किकरला चेंडू धरून दिला. रोज सरावानंतर अर्धा तास थांबत होतो.

एली तोवर गेलेला होता. फेब्रुवारीतच इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाने त्याला घेतलं. जाताना माझा निरोप घेतला नाही, आणि घ्यावा असं काही मी केलंही नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये एकदा किराणा दुकानात रोहेलियो दिसले. मी दुसऱ्या रांगेत सटकणार होतो, पण त्यांनी आधी पाहिलं.

"कसा आहे एली?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? त्याला विचार." त्यांनी पिठाच्या पिशवीवर नजर ठेवूनच नवा नंबर सांगितला, अंकाअंकाला थांबत, मी लिहून घेईपर्यंत.

फोन करायला मला अकरा दिवस लागले. त्याने उचलला, मी नाव सांगितलं. ठेवेल असं वाटलं.

"इथे वारा फार आहे," शेवटी तो म्हणाला. "तळ्यावरून येतो. दिवसातून चार वेळा दिशा बदलतो."

"मग कसं करतोस?"

"गवत उडवून बघतो," तो म्हणाला, आणि मला समजावून सांगू लागला.